दहा सेकंदांची बाई आणि न बोलणारा लहान्या

आंतरमहाविद्यालयीन एकपात्री स्पर्धेला परीक्षक म्हणून बसावं लागलं की बेणारेबाई भेटतातच. एखाद्या वर्षी एक, एखाद्या वर्षी तीन. मुलगी रंगमंचाच्या मध्यावर येते, दिवे मंदावतात, ती क्षणभर गप्प राहते आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटते. शाळेतली मुलं, मामा, प्राध्यापक दामले, पोटातला जीव. सभागृह चिडीचूप. मग टाळ्या, आणि पुष्कळदा बक्षीसही तिलाच. बक्षिसाबद्दल माझी तक्रार नाही. पण नाटकातून कापून आणलेल्या त्या स्वगताला टाळ्या पडतात तेव्हा दर वेळी वाटतं, की तेंडुलकरांनी त्याच्या दोन्ही बाजूंना जे ठेवलं होतं ते मागेच राहिलं. त्या बाजूंना घड्याळ होतं.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या शेवटाकडे अभिरूप खटल्यात न्यायाधीश होऊन बसलेला काशीकर आरोपी बेणारेला बचावासाठी दहा सेकंद देतो. दहाच. सगळे जागच्या जागी थिजतात, बेणारे उठते आणि आपलं अख्खं आयुष्य बोलून घेते. बोलणं संपतं, थिजलेले पुन्हा हलू लागतात आणि काशीकर जाहीर करतो की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे कोर्टाच्या हिशेबी ती दहा सेकंद उभी होती आणि गप्प होती. आपण जे ऐकलं ते तिनं उच्चारलेलंच नव्हतं. नाटकाच्या नावातला हुकूम तिनं तंतोतंत पाळला होता.

‘रंगायन’नं १९६७ साली हे नाटक आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. ते स्वगत आधीच्या लेखनात नव्हतं, दिग्दर्शकानं हट्ट धरला म्हणून ते आलं, अशी गोष्ट नाटकवाल्यांत सांगतात. खरंखोटं लेखक-दिग्दर्शकांना ठाऊक. पण मला ती पटते. हात मोकळा असता तर तेंडुलकरांनी बेणारेला बोलू दिलं नसतं, असं त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहून वाटत राहतं.

तेरा वर्षांनी, १९८० साली, गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला. कथा-पटकथा तेंडुलकरांची. लहान्या भिकू नावाच्या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खून त्यानं केलेला नाही. कुणी केला हे त्याला माहीत आहे, गावाला माहीत आहे, हळूहळू आपल्यालाही कळतं. सरकारनं नेमून दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याच्यापुढे बसून विनवतो, चिडतो, हात टेकतो. लहान्या बोलत नाही. इथे बाकीचे थिजत नाहीत, दिवे मंदावत नाहीत, त्याच्या मनातलं वाचून दाखवणारा आवाज पडद्यामागून येत नाही. बेणारे कोर्टापुरती गप्प होती. लहान्या आपल्यासाठीही गप्प आहे. मधल्या तेरा वर्षांत तेंडुलकरांनी स्वगत तेवढं काढून घेतलं, कोर्ट तसंच ठेवलं.

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) म्हणजे हिंसेचे लेखक, हा शिक्का आता पाठ्यपुस्तकांतही जाऊन बसलाय. तो चुकीचा म्हणता येत नाही. हिंसा या विषयाचा त्यांनी फेलोशिप घेऊन, हिंडून अभ्यास केला होता, आणि ‘गिधाडे’ ते ‘अर्धसत्य’ अशी नुसती यादी केली तरी शिक्क्याची शाई पक्की दिसते. पण हा शिक्का आळशी आहे. मारहाण, खून, बलात्कार यांनी भरलेली नाटकं आणि चित्रपट जगात खंडीभर आहेत. तेंडुलकरांकडे मारहाणीच्या आधी एक गोष्ट हमखास घडलेली असते: कुणीतरी काहीतरी सांगू पाहतं आणि समोरचे ते ऐकून घेत नाहीत. हात त्यानंतर उगारला जातो. ऐकून न घेणं हा त्यांचा विषय, हिंसा ही त्याची पुढची पायरी, असं मला वाटतं. आणि हे मान्य केलं, तर त्यांचे चित्रपट हा पोटापाण्याचा जोडधंदा आणि खरे तेंडुलकर नाटकात, ही आपली लाडकी विभागणीही टिकत नाही. एकच गोष्ट ते दोन माध्यमांत उलट्यासुलट्या बाजूंनी करून पाहत होते.

स्वतः त्यांचा कान तिखट होता. ‘शांतता’चं बीज कुठे सापडलं ते त्यांनी सांगून ठेवलंय: लोकलमध्ये भेटलेली हौशी नटमंडळी, पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली, आणि त्यांचं आपसांतलं बोलणं. दुसरा एखादा लेखक अशा प्रवासात पेपर उघडून बसला असता. तेंडुलकर आयुष्याची बरीच वर्षं पेपर काढणाऱ्यांतलेच होते, तरी त्यांनी बोलणं ऐकलं. वृत्तपत्रातल्या नोकरीत माणसं सांगतात काय आणि छापलं जातं काय, यातलं अंतर रोज मोजून मिळतं. ते अंतर त्यांच्या संवादांत उतरलंय. पानं उलटून पाहा: टिंबंच टिंबं. अर्धवट वाक्यं, अडखळणं, कंसात दिलेली लांबलचक स्तब्धता. ज्या रंगभूमीवर पल्लेदार वाक्य फेकून नट टाळी घेत असे, तिथे या माणसानं नटाच्या हातात टिंबं दिली.

तरीही रंगमंचावरची त्यांची माणसं बोलतातच. भरभरून बोलतात, आणि बोलण्यातूनच समोरच्याचा गळा दाबतात. सखाराम बाइंडर पहिल्याच प्रवेशात घरी आणलेल्या लक्ष्मीला घराचे नियम ऐकवतो तो प्रसंग आठवा. मालक मी, आवाज माझा, तू खालमानेनं राहायचं. दारूचा, बायकांचा, बापानं केलेल्या मारझोडीचा, घर सोडून पळाल्याचा हिशेब तो न विचारता देतो. मराठी रंगभूमीवर एवढा मोकळेपणानं बोलणारा पुरुष तोवर आलेला नव्हता, आणि निळू फुल्यांच्या तोंडी ते बोलणं सापासारखं सरकत जायचं असं पाहिलेले सांगतात. १९७२ सालच्या या नाटकावर परिनिरीक्षण मंडळानं कात्री उगारली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, ही हकिकत आपण अभिमानानं सांगतो. पण आक्षेप घेणाऱ्यांचा कान शिव्यांकडे होता. शेवटाकडे काय होतं ते पाहिलं तर नाटकाची खरी चाल दिसते. लक्ष्मीनंतर घरी आणलेल्या चंपाचा गळा दाबून झाल्यावर सखाराम दगड होतो. बोलते ती लक्ष्मी. हलक्या आवाजात, व्यवहारी, देवाचं नाव घेत ती प्रेत पुरायची तयारी करते आणि खणायला घेते. सगळ्या नाटकात जिला बोलायची बंदी होती तिला आवाज मिळतो तो असा. अन्यायाखाली दबलेल्याला वाचा फुटली की न्यायच होतो, या भाबड्या समजुतीला तेंडुलकरांनी इथे कायमची रजा दिली.

‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर त्यांनी गप्प करण्याचं यंत्रच बांधून दाखवलं. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रयोग झाला, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यातली ब्राह्मणांची डोलती भिंत सगळ्यांना आठवते. नृत्यरचनेचं, संगीताचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण ती भिंत करते काय? कनौजहून आलेला घाशीराम आपण चोरी केली नाही म्हणून जीव तोडून ओरडतो आणि भिंत गाते. भिंत पाठ फिरवते. भजन आणि लावणी एकमेकांत मिसळून एवढा गोड गलका होतो की त्यात एका माणसाचं ओरडणं सहज विरून जातं. बेणारेला गप्प करायला कोर्टाचा हुकूम लागला होता. इथे सूर लागतो. नाटकाभोवतीच्या वादानं हेच पुन्हा करून दाखवलं. नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी असा गलका झाला, १९ प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं आणि ते पुढे चालवायला मंडळींना ‘थिएटर अकॅडमी’ काढावी लागली. इतिहासातला नाना असा होता की नव्हता यावर शाई वाहिली. आपल्या गावात असा घाशीराम आज कोण तयार करतंय, या प्रश्नाला उत्तर द्यायची पाळी आली नाही. (‘युक्त’ सहकारी संस्थेच्या तरुणांनी १९७६ मध्ये त्यावर चित्रपट केला. ओम पुरींचा तो पहिला चित्रपट. धाडसी काम, पण भिंत ही रंगमंचाची चीज आहे. कॅमेऱ्याला कुठेही जाता येतं, त्यामुळे त्याची वाट कुणी अडवू शकत नाही आणि मग भिंतीचं भिंतपण उरत नाही.)

आता चित्रपटांकडे येतो. इथे श्रेयनामावलीतली एक साधी गोष्ट आहे, जिच्याकडे मी कित्येक वर्षं नुसतं पाहिलं, लक्ष दिलं नाही. ‘निशांत’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे. ‘मंथन’चे कैफी आझमींचे. ‘आक्रोश’चे पुन्हा दुबेंचे. ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. तेंडुलकरांची पटकथा, पण शब्द दुसऱ्याचे. ज्या माणसानं मराठी संवादाची चाल बदलली, त्यालाच हिंदीत शिरताना आपलं धारदार हत्यार दाराशी ठेवून आत जावं लागलं. मग त्याच्या हाती उरलं काय? प्रसंग. प्रसंगांचा क्रम. कोण कुठे उभं आहे, कुणाला किती वेळ मिळतो, कोण कुणाकडे पाहत नाही. आणि गप्प राहणं. कारण गप्प राहण्याला भाषांतर लागत नाही. लहान्या भिकूचं न बोलणं हे या अडचणीतून निघालं असं म्हणणं फार धाडसाचं होईल. पण टिंबांची सवय असलेल्या लेखकाला ही अडचण सोयीची पडली, एवढं म्हणायला हरकत नाही.

यावर रास्त हरकत अशी, की चित्रपट दिग्दर्शकाचा असतो. ‘आक्रोश’ आठवतो तो निहलानींच्या करड्या चौकटींमुळे आणि ओम पुरींच्या चेहऱ्यामुळे. त्या चेहऱ्यावरचे खड्डे, ते डोळे कुठल्या पटकथेत लिहिता येणार? मान्य. शिवाय निहलानी हे सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता’ चित्रपटाचे छायालेखक, म्हणजे बेणारेची कोंडी त्यांनी कॅमेऱ्यातून निरखलेली. पण चित्रपटाचा मुख्य माणूस शेवटपर्यंत बोलणार नाही आणि त्याचं मौन हेच कथेचं कुलूप असेल, हा निर्णय कागदावर होतो. तो चेहऱ्यानं पेलला हे खरं; चेहऱ्यानं घेतला नाही.

आणि पडताळा हवा असेल तर मराठी चित्रपट आहेत. तिथे शब्द त्यांचे स्वतःचे होते, आणि तिथली माणसं बोलतात! जब्बार पटेलांचा ‘सामना’ (१९७५) हा जवळजवळ दोन माणसांच्या बोलण्याचा चित्रपट आहे. साखर कारखान्याच्या जोरावर राज्य करणारा हिंदुराव धोंडे पाटील आणि दारूत बुडालेला, कधीकाळचा गांधीवादी मास्तर. निळू फुले आणि श्रीराम लागू. हिंदुराव मास्तराला घरात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, दारू पाजतो, हसतो, वाद घालतो, आपल्या साम्राज्याची सफर घडवतो. विचाराल त्याचं उत्तर देतो. फक्त मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, या एका प्रश्नापाशी त्याचं बोलणं दुसरीकडे वळतं. ‘सामना’ची खुबी मला इथे वाटते. सत्ता आपल्याला गप्प बसवतेच असं नाही. ती भरपूर बोलू देते, सोबत स्वतःही बोलते, आणि एका नावाभोवती तेवढी मोकळी जागा ठेवते. ग्रामीण महाराष्ट्राच्या राजकारणाचं इतकं ओळखीचं वर्णन नंतर झालेलं मला आठवत नाही. गावच्या पुढाऱ्याच्या ओसरीवर चहा घेत ज्यांनी दोन तास काढलेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

‘सिंहासन’मध्ये (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र ओवून त्यांनी दिगू टिपणीस या पत्रकाराला मध्ये ठेवलं. मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, सगळे दिगूपाशी बोलतात. ऐकणं हा त्याचा धंदाच आहे. सगळं ऐकून घेतलेला माणूस शेवटी भान हरपून हसत सुटतो. पत्रकारितेत वर्षं काढलेल्या लेखकानं आपल्या व्यवसायाला दिलेलं हे प्रशस्तिपत्र काही फार दिलाशाचं नाही. ‘उंबरठा’ (१९८२) हा या तिन्हींतला मला कमी पटणारा. स्मिता पाटीलची सुलभा महाजन अविस्मरणीय आहे, पण शांता निसळ यांच्या कादंबरीवरून केलेल्या या पटकथेत ती काम करते त्या आश्रमातल्या बायका सुलभेच्या कथेला पूरक म्हणूनच येतात. त्यांचं म्हणणं ऐकायला निघालेला चित्रपट पुन्हापुन्हा सुलभेकडेच वळतो.

हिंदीतल्या तेंडुलकरांना मात्र बोलण्यावर भरवसाच नाही. ‘निशांत’मधला शाळामास्तर जमीनदारांनी पळवून नेलेल्या बायकोसाठी दारोदार हिंडतो. पोलीस, वकील, सरकारी साहेब. प्रत्येक जण ऐकतो, म्हणजे कानावर पडू देतो. शब्दांवर पोट असलेला तो माणूस शब्द हरल्यावर पुजाऱ्याच्या मदतीनं गाव उठवतो आणि उठलेलं गाव जमीनदारांबरोबर त्याच्या बायकोलाही संपवतं. जमाव तरी कुठे कुणाचं ऐकतो? ‘मंथन’ त्या मानानं उजेडाचा. गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला, आणि तेंडुलकरांना पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवून देणारा. तिथे निदान सोसायटीच्या निवडणुकीत दलित वस्तीचं म्हणणं मतपेटीतून ऐकू येतं, सरपंच हरतो. पण त्याच चित्रपटात बिंदू नावाच्या बाईचा अंगठा एका कागदावर उमटवून घेतला जातो आणि तिनं कधीच न केलेला आरोप तिच्या नावावर चढतो. तोंडाऐवजी अंगठा बोलतो. सहकारावरच्या आशावादी चित्रपटात एवढं एक दृश्य घालून तेंडुलकर आपली सही करून जातात.

‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून केलेला. त्यातल्या अनंत वेलणकरकडे सखारामचा धाकटा भाऊ म्हणून पाहून बघा. एक बापाच्या मारापायी घर सोडून पळाला. दुसऱ्याचा बाप हवालदार, आईला मारायचा, आणि हा पोरगा काही न बोलता पाहत राहायचा. सखारामनं त्या मुक्या रागातून घर नावाचं छोटं संस्थान उभारलं. वेलणकरला वर्दी मिळाली, म्हणजे तोच राग सरकारी झाला आणि कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघाला. शेवटी दोघांचेही हात दुसऱ्याच्या गळ्याभोवती जातात. फरक गळ्यांत आहे. चंपाच्या जागी गुंड रामा शेट्टी आल्यावर थिएटरात लोक टाळ्या वाजवत. खून तोच, पण मारलेला माणूस बदलला की प्रेक्षकांचा कौल बदलतो. तेंडुलकरांना त्या टाळ्या कशा वाटल्या असतील, असा विचार मनात येतो.

‘आक्रोश’कडे परत जाणं भाग आहे, कारण माझ्या प्रतिपादनाला सर्वांत मोठी अडचण तिथेच आहे. आदिवासी माणूस गप्प आणि त्याच्या गप्प राहण्यानं अस्वस्थ होणारा नायक म्हणजे कुलकर्णी नावाचा वकील. एका मराठी मध्यमवर्गीय लेखकानं, मध्यमवर्गीय प्रेक्षकांसाठी, आदिवासीचं तोंड बंद ठेवून त्याच्या दुःखाला भव्यता आणली, असा आरोप करता येतो. तो मला झटकून टाकता येत नाही. लहान्याला बोलायचं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं, कुठल्या बोलीत, कुणाला हाक मारून, हे तेंडुलकरांना ठाऊक होतं का? बहुधा नसावं. पण जे ठाऊक नाही ते त्याच्या तोंडी घातलं नाही, हा त्यातला प्रामाणिकपणाही मोजायला हवा. शिवाय त्याच चित्रपटात सरकारी वकील दुसाने आहे. तोही आदिवासी, पण शिकलेला, वर चढलेला, भाषेवर हुकमत मिळवलेला. त्याला बोलता येतं. कोर्टात तो अस्खलित बोलतो आणि त्याचं ते बोलणं लहान्याविरुद्ध खर्ची पडतं. रात्री त्याच्या घरचा फोन वाजतो, पलीकडून निनावी शिव्या येतात आणि हा बोलका माणूस रिसीव्हर धरून नुसता ऐकतो. एक आदिवासी बोलत नाही, दुसऱ्याला बोलण्याच्या अटी पाळाव्या लागतात. लहान्याचं मौन दुसानेच्या शेजारी ठेवून पाहिलं तर ते भव्य वाटायचं थांबतं. ते हिशेबी वाटतं: बोललो तर घरातल्या उरलेल्यांचं काय होईल याचा हिशेब. बापाच्या अंत्यविधीला बेड्या घालून आणलेला लहान्या बहिणीवर खिळलेल्या नजरा पाहतो आणि कुऱ्हाडीनं तिचा जीव घेतो, तेव्हा तो हिशेब पुरा होतो. त्यानंतर येतो तो आवाज. त्यात एकही शब्द नाही.

आणि तीन वर्षांनी तेंडुलकरांनी याची उलट बाजू लिहिली, ती मात्र अंगाशी आली. ‘कन्यादान’मधला (१९८३) अरुण आठवले दलित आहे, कवी आहे आणि बोलतो. समाजवादी नाथ देवळालीकरच्या पुण्यातल्या नीटनेटक्या घरात जावई म्हणून येऊन तो अंगावर येईल असं बोलतो. लहान्यासाठी हळहळलेला प्रेक्षक अरुणपुढे कावराबावरा झाला आणि दलित वाचकांनी तर लेखकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. १९९३चा सरस्वती सन्मान याच नाटकासाठी मिळाला, तेव्हा याच नाटकापायी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती ही आठवण तेंडुलकरांनी भाषणात काढली. चप्पल फेकणाऱ्याचा राग मला परका वाटत नाही. नाथला आतली घालमेल मिळाली, त्याच्या बायकोला मिळाली, मुलीला मिळाली. अरुणला मिळाला तो भूतकाळ आणि बायकोवर उगारायला हात. एवढ्या कुशल लेखकाची ही वाटणी अनवधानानं झाली असेल असं मानणं जड जातं, आणि मुद्दाम केली असेल असं मानणं त्याहून जड. दोष आहे, आणि तो नाटकाच्या गाभ्यात आहे.

पण त्याच नाटकात ऐकण्याचा एक प्रसंग असा आहे की तसा त्यांच्या नाटकांत क्वचितच सापडतो. जावयाच्या आत्मचरित्रावरच्या समारंभात नाथ स्तुतीचं भाषण करतो. पुस्तकावर नव्हे, मुलीला घरी त्रास होऊ नये म्हणून. सभेनं टाळ्या दिल्या असतील. त्या मुलीनं, ज्योतीनं, मात्र ते भाषण कानांनी ऐकलेलं असतं. शब्द चांगले होते आणि त्यांच्यामागे माणूस नव्हता, हे तिला बरोबर कळतं आणि ती बापाला ते तोंडावर सांगते. आयुष्यभर भाषणं केलेल्या नाथला उत्तर सुचत नाही. जन्मभर समतेची भाषा ऐकत वाढलेल्या मुलीनं ती भाषा खरी मानली, एवढाच तिचा गुन्हा.

‘कमला’तही (१९८१) असंच. जयसिंग जाधव नावाचा पत्रकार बायकांच्या बाजारातून अडीचशे रुपयांना एक बाई विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. त्या परिषदेत काय झालं ते रंगमंचावर दिसत नाही. जयसिंग घरी येऊन रंगवून सांगतो, तेवढंच. कमलाला तिथे कुणी काय विचारलं, ती काय म्हणाली, सगळं त्याच्या तोंडून, हसण्याच्या उकळ्यांसह. कमलाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो रात्री, घरात, जयसिंगची बायको सरिता हिच्याशी बोलताना. तुला किती रुपयांना घेतलं, असं ती सहज, चौकशी म्हणून विचारते. देशभर गाजणारी बातमी तिकडे टाइपरायटरवर तयार होत असते आणि खरी बातमी इथे दोन बायकांच्या बोलण्यात फुटलेली असते. तिची एकच वाचक असते, सरिता.

असे ऐकणारे तेंडुलकरांनी मोजकेच लिहिले. बेणारेच्या त्या खोलीत वकील, शास्त्रज्ञ, नट, समाजसेवक अशी सगळी सोंगं वठवणारे आहेत आणि त्यांतला कुणी ऐकत नाही. तिथे सामंत नावाचा गावातलाच एक साधा माणूस आहे. खटल्यात चौथा साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला पकडून उभा केलेला. साक्षीत काय सांगायचं ते कळेना म्हणून तो खिशातल्या कादंबरीतलं वाचून दाखवतो, आणि नेमकं तेच बेणारेला जाऊन भिडतं. खटला संपतो, मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला निघून जातात, बेणारे तशीच पडून असते. सामंत दाराशी घुटमळतो. तिला काय बोलावं हे त्याला सुचत नाही. पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तो तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.

स्पर्धेतल्या बेणारेजवळ तो पोपट कधीच नसतो. सात मिनिटांत बसत नाही.